कालोचे ‘फाशी’ : एकाच चित्राच्या दोन छापील प्रती

गेल्या वर्षभरात मी एकाच चित्राच्या दोन छापील प्रती विकत घेतल्या. पहिली एका ऑनलाइन दुकानातून मागवलेली, कॅनव्हासवर छापून लाकडी पट्ट्यांवर ताणलेली आणि ३६ इंच रुंद आहे. दुसरी एका संग्रहालयाने मोफत उपलब्ध करून दिलेल्या प्रतिमेवरून पुण्यातल्या एका छपाई स्टुडिओत सुती कागदावर काढून घेतलेली असून ती वीतभरही रुंद नाही. पहिलीला ४,२०० रुपये पडले. दुसरीची छपाई ४५० रुपयांत झाली आणि तिच्या फ्रेमला १,९०० रुपये लागले. पहिली आता माळ्यावर आहे आणि दुसरी माझ्या लिहिण्याच्या टेबलाशेजारी. हे चित्र घेऊ पाहणाऱ्याला बाजारात आधी दिसते ती सहसा पहिल्या प्रकारची प्रत, म्हणून तिच्यात काय बिघडले आणि दुसरीत काय साधले हे थोडे तपशिलाने लिहीत आहे.

चित्र आहे झाक कालो या बरोक काळातल्या मुद्राचित्रकाराचे ‘फाशी’. १६३३ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युद्धाची दैन्ये आणि दुर्भाग्ये’ या अठरा अम्लरेखनांच्या (तांब्याच्या पट्टीवर आम्लाने रेघा खोदून तिच्यावरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेतले हे अकरावे पान. मालिकेतले प्रत्येक चित्र साधारण ८ सेंटीमीटर उंच आणि साडेअठरा सेंटीमीटर रुंद आहे. आकाराची ही दोन मापे वाचकाने ध्यानात ठेवावीत, कारण या परीक्षणातला माझा मुख्य मुद्दा त्यांच्यापाशीच येऊन थांबणार आहे.

कालो नान्सीचा. १५९२ मध्ये त्याचा जन्म झाला तेव्हा नान्सी हे फ्रान्सचे शहर नव्हते, तर लॉरेनच्या ड्यूकची राजधानी होते. तरुणपणी तो रोमला गेला, तेथे ताम्रपटावर कोरण्याचे काम शिकला आणि पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात रुजू झाला. दरबारी सोहळे, नाटके, मिरवणुका आणि जत्रा यांची चित्रे करण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली. १६२० च्या ‘इंप्रुनेताची जत्रा’ या त्याच्या चित्रात हजारांहून अधिक माणसे आहेत आणि त्यांतली बरीचशी तांदळाच्या दाण्याएवढी असूनही कोण सौदा करतो आहे आणि कोण खिसा कापतो आहे हे ओळखता येते. १६२१ मध्ये फ्लॉरेन्सचा मेदिची राज्यकर्ता दुसरा कोसिमो मरण पावल्यावर कालो नान्सीला परतला. त्यानंतर त्याने ब्रेडा, ला रोशेल आणि रे बेट यांच्या वेढ्यांची भलीमोठी, अनेक पट्ट्यांवर कोरलेली चित्रे विजेत्यांच्या मागणीवरून केली. म्हणजे ज्याने युद्धाची दैन्ये कोरली त्याने युद्धाचे गौरवपटही कोरले होते आणि सैन्याची छावणी, भाल्यांच्या रांगा, दारूगोळ्याच्या गाड्या हे सारे त्याच्या हातात मुरलेले होते.

१६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात लॉरेन दोन मोठ्या सत्तांच्या मधोमध सापडला होता. १६३३ च्या सप्टेंबरात फ्रान्सचा राजा तेरावा लुई याच्या फौजांनी नान्सी घेतली आणि त्याच वर्षी ही मालिका त्याच लुईच्या राजधानीत, राजाच्या छपाई परवान्यासह बाहेर पडली. मुखपृष्ठावर ‘लॉरेनचा सरदार झाक कालो याने चितारलेली आणि त्याचा मित्र इस्राएल याने प्रकाशात आणलेली’ अशा अर्थाची ओळ आहे. हा इस्राएल म्हणजे पॅरिसमधला त्याचा प्रकाशक इस्राएल आंरिए. नान्सी पडल्याचा विजयपट काढण्यास सांगितले तेव्हा ‘त्यापेक्षा मी अंगठा तोडून घेईन’ असे कालो म्हणाल्याची एक आख्यायिका सांगितली जाते. चित्रविक्रीच्या जाहिरातीत ती शोभून दिसते खरी, परंतु ला रोशेलचा वेढा याच राजासाठी चितारणारा आणि याच राजाच्या परवान्याने छापणारा माणूस इतक्या सरळ रेषेत उभा करता येत नाही. लॉरेनची मोठी धूळधाणही नान्सी पडल्यानंतरच्या वर्षांत झाली, तेव्हा ही मालिका म्हणजे त्या वेढ्याचा डोळ्यांदेखतचा वृत्तान्त असेही समजू नये. कालो स्वतः १६३५ मध्ये वारला.

आता चित्रात काय आहे ते. मधोमध एक प्रचंड झाड आहे आणि त्याच्या आडव्या फांद्यांना वीसेक माणसे लटकत आहेत. बहुतेकांच्या अंगावर ढगळ सदरे, माना एका बाजूला कललेल्या, पाय सैल. झाडाला शिडी लावलेली आहे. शिडीवर एक धर्मगुरू ज्याच्या गळ्यात दोर पडतो आहे त्याच्यापुढे क्रूस धरून उभा आहे. खाली दुसरा धर्मगुरू पुढच्या माणसाची तयारी करून घेतो आहे. झाडाच्या बुंध्याशी दोघे जण नगाऱ्याचा पाट करून त्यावर फासे खेळत आहेत. दोन्ही अंगांना सैनिकांच्या रांगा, त्यांच्या भाल्यांचे दाट रान, आणि फार लांबवर तंबू. कोणी धावत नाही आणि कोणी अंगावर येत नाही. सारे आपापल्या जागी, नेमून दिल्यासारखे उभे आहे. फ्लॉरेन्समध्ये दरबाराचा नेपथ्यकार ज्युलिओ पारिजी याच्या हाताखाली कालो जे शिकला ते येथे उघड दिसते : पुढच्या कडेला गडद आकृत्यांच्या विंगा, मधला रंगमंच मोकळा आणि त्या मोकळ्या जागेत नायकाच्या ठिकाणी एक झाड.

ऑनलाइन दुकानाच्या वर्णनात या चित्राविषयी ‘तीस वर्षांच्या युद्धात सैनिकांनी फासावर चढवलेले निरपराध शेतकरी’ असे लिहिले होते. हे चूक आहे, आणि ही चूक क्षुल्लक नाही. लटकणारे लोक शेतकरी नसून स्वतः सैनिक आहेत : सैन्यातून सुटून वाटमारी आणि लूट करणारे, पकडले गेलेले आणि आपल्याच सैन्याने टांगलेले. हे कळण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही, मालिकेतली आधीची पाने पाहिली की पुरे. दुसऱ्या पानावर सैन्यभरती आहे, तिसऱ्यावर लढाई, त्यानंतर शेतघराची लूट, मठाचा विध्वंस, गावाची जाळपोळ, रस्त्यावरच्या बग्गीवरचा हल्ला. नवव्या पानावर या लुटारूंना रानातून हुडकून काढतात आणि दहाव्यापासून शिक्षा सुरू होतात : हात मागे बांधून दोराने उंच ओढून खाली सोडणे, फाशी, गोळ्या घालणे, जाळणे, चाकावर हाडे मोडणे. चित्राखालच्या सहा ओळींच्या पद्यातही तेच सांगितले आहे. ते पद्य मिशेल द मारोल या मठाधिपतीचे मानले जाते आणि त्याचा आशय असा की हे नीच आणि वाया गेलेले चोर अखेर या झाडाला दुर्दैवी फळांसारखे लटकले आहेत, गुन्हा हाच स्वतःच्या लज्जेचे आणि सुडाचे साधन ठरतो आणि दुर्जनांना आज ना उद्या स्वर्गाचा न्याय चाखावाच लागतो.

माझ्या कॅनव्हासवर हे पद्य नव्हतेच. दुकानाने प्रत ३६ इंच रुंद आणि २४ इंच उंच अशा ठरीव मापात विकली होती, आणि मूळ चित्र उंचीच्या सव्वादोन पटीहून अधिक रुंद असल्यामुळे ते या मापात बसवायचे तर त्याला कात्री लावण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. पद्याची पट्टी गेली आणि दोन्ही कडा मिळून चित्राच्या रुंदीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेला. जे गेले ते म्हणजे नेमक्या सैनिकांच्या रांगा. उरले ते झाड, लटकणारी माणसे आणि धर्मगुरू. मग वर्णन लिहिणाऱ्याला ही माणसे निरपराध गावकरी वाटली यात त्याचा सगळाच दोष आहे असे म्हणवत नाही. त्याच्यासमोरच्या तुकड्यात सैन्य जवळजवळ शिल्लकच नव्हते. परंतु सैन्य गेले की चित्रातला सर्वांत थंड भाग जातो. ही हत्या संतापाच्या भरात होत नाही. ती शिस्तीने, धर्मविधीसह, हजेरी भरवून होते आणि ज्यांना पाहण्यासाठी उभे केले आहे ते उद्या याच झाडावर असू शकतात, हे कळण्यासाठी त्या रांगा लागतात.

येथे एक गंमत मात्र नोंदवली पाहिजे. या पट्ट्यांचे सर्वांत पहिले ठसे काढले गेले तेव्हा त्यांवर पद्य नव्हते, ते नंतर कोरले गेले. त्यामुळे दुकानाने पद्य उडवले त्यात कालोशी प्रतारणा झाली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. माझ्या मते पद्य आणि चित्र एकमेकांशी पूर्ण जुळतही नाहीत. पद्याला न्याय दिसतो. चित्रात फासे खेळणारे दोघे दिसतात आणि त्यांना त्या न्यायाशी काही देणेघेणे नाही. तरीही वाचणाऱ्याला दोन्ही समोर मिळाली पाहिजेत. पद्य ठेवले तर त्याच्याशी भांडता येते, कापले तर ती सोयही उरत नाही.

आता मापाचा प्रश्न. कॅनव्हास भिंतीवर लावला तेव्हा पहिली प्रतिक्रिया समाधानाची होती हे कबूल करते. चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होते, पाहुण्यांचे लक्ष जात होते. दोनेक आठवड्यांत मात्र माझ्या लक्षात आले की मी त्याच्या जवळ कधीच जात नाही, आणि गेले तरी जवळ गेल्यावर काही मिळत नाही. याचे कारण साध्या गणितात आहे. मूळ चित्राची रुंदी सव्वासात इंचांच्या आसपास आहे. ते इंचाला ६०० बिंदू या घनतेने टिपले तर आडवे साधारण ४,४०० बिंदू मिळतात. हेच बिंदू ३६ इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम १२० उरतात, आणि येथे तर कडा कापल्यामुळे त्यांतलेही बरेच वाया गेले होते. शिवाय कॅनव्हासचा स्वतःचा विणीचा पोत आहे. केसासारखी रेघ त्या विणीवर पडली की तुटक होते. कोरलेली रेघ कागदाचा गुळगुळीतपणा मागते. तिला कापडावर छापणे म्हणजे पैठणीची बुट्टी गोणपाटावर काढण्यासारखे आहे.

त्याहून मोठे नुकसान रेघांच्या जाडीचे झाले, आणि ते समजण्यासाठी कालोने काम कसे केले हे थोडे पाहावे लागेल. अम्लरेखनात तांब्याच्या पट्टीवर आम्लाला दाद न देणारा थर चढवतात, त्या थरावर सुईने रेघा ओढून तांबे उघडे करतात आणि पट्टी आम्लात धरतात; आम्ल उघड्या रेघा खाते, त्या खाचांत शाई भरून ओलसर कागद दाबला की ठसा उठतो. कालोच्या आधी हा थर मऊ मेणाचा असे. तो कधी उचकटे, कधी त्यातून आम्ल नको तेथे शिरे. कालोने त्याऐवजी ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर वापरत तसल्या कडक रोगणाचा थर वापरला. तो पक्का बसत असल्यामुळे पट्टी पुन्हा पुन्हा आम्लात घालता आली : दूरच्या तंबूंच्या रेघा थोडा वेळ खाऊ द्यायच्या, मग त्यांवर लेप देऊन त्या झाकायच्या, आणि पुढच्या आकृत्यांच्या रेघा आणखी खोल जाऊ द्यायच्या. सुईऐवजी तो एशॉप नावाचे, टोक तिरके कापलेले पोलादी हत्यार वापरी. ते बोटांत फिरवले की एकाच ओढीत रेघ बारीक सुरू होऊन मध्ये फुगते आणि पुन्हा बारीक होते, कोरणीने तांबे कोरावे तशी. कालोच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६४५ मध्ये, आब्राम बॉस याने अम्लरेखनावर जो ग्रंथ छापला त्यात ही रीत तपशिलाने सांगितली आहे. मी स्वतः दोन वर्षे मुद्राचित्रण शिकले आणि सोडले. सोडण्यामागे इतर कारणे होती, पण आम्लात पट्टी किती वेळ ठेवायची याचा अंदाज मला कधीच आला नाही हेही एक होते. त्यामुळे एका पट्टीवर तीन-चार वेगवेगळ्या खोलीच्या रेघा हाताने साधणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात जरा जास्तच आदर आहे, हे वाचकाने हिशेबात धरावे.

‘फाशी’मध्ये हवा आणि अंतर आहे ते रेघांच्या या कमी-अधिक खोलीमुळेच. पुढचा शिपाई काळाकुट्ट, झाड त्याहून थोडे फिके, सैन्य आणखी फिके, आणि मागचे तंबू असे की श्वास लागला तर पुसले जातील. दुकानाने कॅनव्हाससाठी प्रतिमेचा उठाव वाढवला होता, आणि त्यामुळे तंबूही पुढच्या शिपायाइतकेच काळे झाले. सगळे एकाच पातळीवर आले आणि चित्र जुन्या क्रमिक पुस्तकातल्या ठोकळ्यासारखे दिसू लागले. कॅनव्हासचा पिवळसर तपकिरी ‘प्राचीन’ रंग हा आणखी एक आगाऊपणा. चांगल्या जपलेल्या ठशाचा कागद इतका चहात बुडवल्यासारखा नसतो. दुकानाशी पत्रव्यवहार केला तेव्हा ‘मागणीनुसार छापलेला माल परत घेतला जात नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. पॅकिंग मात्र उत्तम होते, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षण होते आणि माल सांगितलेल्या दिवशी आला, हे न्यायाने लिहिले पाहिजे.

दुसऱ्या प्रतीची कल्पना मूळ ठसा पाहिल्याच्या आठवणीतून आली. काही वर्षांपूर्वी लंडनला जाणे झाले तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या मुद्राचित्रांच्या अभ्यासिकेत आधी वेळ घेऊन ही मालिका पाहता आली होती. ठसा टेबलावर समोर येतो आणि पहिली गोष्ट घडते ती अशी की माणूस वाकतो. त्याशिवाय दिसतच नाही. लटकणारे शरीर सेंटीमीटरभराचे आहे. त्याची मान कशी वळली आहे हे पाहायचे तर चेहरा कागदापासून वीतभर अंतरावर न्यावा लागतो, आणि तेवढ्या जवळ गेल्यावर आपण इतके लक्ष लावून नेमके काय पाहत आहोत हे ध्यानात येऊन संकोच वाटतो. मोठ्या चित्रात क्रौर्य आपल्या अंगावर येते आणि आपण मागे सरू शकतो. येथे आपण आपल्या पायांनी त्याच्याजवळ गेलेलो असतो. माझ्यासाठी या चित्राचे सामर्थ्य मुख्यतः याच वाकण्यात आहे, आणि ३६ इंचांची प्रत नेमके तेवढेच काढून घेते.

अशी प्रत घरी हवी असेल तर प्रतिमा विकत घेण्याची गरज नाही. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम यांनी आपल्या संग्रहांतल्या हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या प्रतिमा कोणालाही, व्यावसायिक कामासाठीसुद्धा, मोफत दिल्या आहेत. कालोची चित्रे त्यांत मुबलक आहेत. उतरवून घेताना दोन गोष्टी पाहाव्यात : कागदाच्या चारही कडा दिसतात की नाही, आणि मागच्या तंबूंच्या रेघा सलग आहेत की नाही. एकाच चित्राचे वेगवेगळ्या संग्रहालयांतले ठसे वेगळे दिसतात, कारण तांब्याची पट्टी जितकी छापावी तितकी झिजते आणि उशिराच्या ठशांत बारीक रेघा आधी मरतात. मी तीन प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून त्यांतली ज्यात तंबू सर्वांत जिवंत होते ती निवडली.

छपाई स्टुडिओतल्या तरुणाने आधी मला वेड्यात काढले. त्याचे म्हणणे, “मॅडम, एवढं चांगलं रिझोल्यूशन आहे, निदान ए-थ्री तरी करू.” मी मूळ माप लिहून दिले आणि पद्याच्या खालचा कोरा कागदही ठेवायला सांगितला. कागद हानेम्यूले कंपनीचा ३०८ जीएसएमचा, चमक नसलेला सुती निवडला. पहिला ठसा किंचित निळसर आला. काळ्या शाईत स्टुडिओच्या यंत्राने रंगीत शाया मिसळल्या होत्या. त्याने न सांगता तो फाडला आणि केवळ काळ्या-करड्या शाईवर दुसरा काढला. या दुसऱ्या ठशात रेघा भिंगाखालीही सलग राहिल्या, पुढच्या शिपायाच्या पाठीवरची रेघ फुगते आणि निमुळती होते ते दिसते, तंबू फिके आहेत. नगाऱ्यावर फासे टाकणाऱ्याचा हात कॅनव्हासवर मला एक डाग वाटला होता, येथे तो हात आहे.

उणिवाही आहेत. यंत्राची शाई कागदावर सपाट बसते. खऱ्या ठशात कागद खाचेत दाबला जातो आणि शाई सूक्ष्म उंचवट्याने उभी राहते. तिरक्या उजेडात ती दिसते आणि काळ्याला एक प्रकारची खोली येते. पट्टीच्या कडांचा कागदात उमटलेला दाबही या प्रतीत केवळ छायाचित्रासारखा आहे, बोट फिरवले तर काही लागत नाही. या दोन गोष्टींसाठी खरा ठसाच हवा आणि तो घ्यायचा तर जाणकाराच्या मदतीशिवाय घेऊ नये, कारण या मालिकेच्या नकला फार पूर्वीपासून दुसऱ्या हातांनी कोरल्या गेल्या आहेत, त्यांतल्या काही उलट्याही आहेत, आणि ‘सतराव्या शतकातील मूळ’ या शब्दांखाली विक्रीला येणारे सगळेच कालोच्या पट्टीवरून उतरलेले नसते.

फ्रेमच्या कामात थोडी हुज्जत पडली. फ्रेमवाल्या काकांनी सवयीने सोनेरी नक्षीची पट्टी आणि काळा माउंट काढून ठेवला होता. चित्र लहान म्हणून त्याला ‘भारदस्त’ करण्याचा तो प्रयत्न होता, पण काळ्या माउंटमध्ये हे चित्र शोकपत्रिकेसारखे दिसते. शेवटी कागदाच्याच छटेचा, आम्लमुक्त पुठ्ठ्याचा माउंट, चारही बाजूंना ८ सेंटीमीटर जागा आणि बोटभर रुंदीची साधी सागवानी पट्टी असे ठरले. काच साधी न घेता परावर्तन कमी करणारी घेतली. तिच्यामुळे खर्च वाढला, परंतु वाकून पाहायच्या चित्रावर स्वतःचाच चेहरा दिसत राहिला तर सगळे व्यर्थ आहे. टांगण्याची उंचीही महत्त्वाची. दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावले तर कोणी जवळ जाणार नाही. मी खुर्चीत बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येईल असे टेबलाशेजारी लावले आहे.

आईचा या खरेदीला विरोध होता. घरात फासावरची माणसे कशाला टांगायची, हा तिचा प्रश्न रास्तच आहे आणि त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. तिने कॅनव्हास पाहिला तेव्हा ती “शी, काढ ते” एवढेच म्हणाली होती. छोटी फ्रेम लावली त्या दिवशी तिने दारातून विचारले, “वडाच्या पारंब्या का गं या?” मी काही बोलले नाही. ती चष्मा लावून जवळ आली, वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. मग तिने फासे खेळणाऱ्यांवर बोट ठेवून “हे दोघे काय करतायत?” असे विचारले. कॅनव्हासवर ते दोघे याच्या सातपटीहून अधिक मोठे होते, आणि तेथे ते तिला दिसले नव्हते.

या चित्राच्या जोडीला स्पॅनिश चित्रकार गोया याच्या ‘युद्धाचे अनर्थ’ या मालिकेचा उल्लेख नेहमी होतो, आणि बाजारात दोन्ही शेजारी विकली जातात. गोयाने त्या पट्ट्या १८१० ते १८२० च्या दरम्यान केल्या आणि त्या त्याच्या मृत्यूनंतर, १८६३ मध्ये, प्रसिद्ध झाल्या. तेथेही एक लटकलेला माणूस आहे आणि त्याच्याकडे टक लावून बसलेला एक शिपाई. पण गोया आपल्याला तिघाचौघांच्या अगदी समोर नेऊन उभे करतो, पार्श्वभूमी जवळपास पुसून टाकतो. त्याची चित्रे थोडी मोठी केली तरी फारशी बिघडत नाहीत. कालोचे बिघडते. दोन्ही एकाच आकारात छापून जोडी म्हणून विकणारे दुकान एकाला न्याय देते आणि दुसऱ्याची वाट लावते, हे घेणाऱ्याने ओळखून असावे.

‘फाशी’ एकटे घेण्यापेक्षा तीन पाने घ्यावीत असे आता मला वाटते. पाचवे, अकरावे आणि सतरावे. पाचव्यात सैनिक एका शेतघरात शिरले आहेत. छताला मांस टांगलेले आहे आणि चुलाण्याच्या आगीवर एका माणसाला पायांनी उलटे टांगले आहे. सतराव्यात शेतकरी रानात दबा धरून सैनिकांना गाठतात आणि त्यांना मारून नागवतात. यांच्यामध्ये ‘फाशी’ ठेवले की टांगणारे आणि टांगलेले यांच्या जागा कशा फिरत जातात ते दिसते आणि अठराव्या पानावरचा, सिंहासनावरून बक्षिसे वाटणारा राजा मग फारसा आश्वासक वाटत नाही. स्टुडिओतल्या तरुणाला मी पाचव्या आणि सतराव्या पानाच्या प्रतिमा पाठवल्या आहेत. माप तेच, कागद तोच. त्याने उत्तरात फक्त “ए-थ्री नाही ना?” असे विचारले आहे.